बोट पुसून घ्यावे

महागाव तालुक्यातल्या एका मतदान केंद्रावर मी केंद्राध्यक्ष होतो. मतदान आटोपून आठ दिवस होत नाहीत तोच राळेगावच्या आमच्या शाळेत माझ्या नावाची कारणे दाखवा नोटीस येऊन पडली. 'मतदाराच्या डाव्या तर्जनीवर चिकट पदार्थ असल्याचे दिसत असतानाही तो पुसून न घेता शाई लावण्यात आली, याबाबत तीन दिवसांत खुलासा सादर करावा.' मी खुलासा लिहिला, 'नजरचुकीने झाले, यापुढे दक्षता घेईन.' साहेबांनी समज दिली, फाईल बंद झाली.

तो खुलासा साफ खोटा होता. माझी नजर चांगली शाबूत होती. त्या माणसाच्या बोटावरचा डिंक मला दारातूनच चमकताना दिसला होता. बिचारा सुतार होता, सकाळी उठून चौकटी जोडून आलेला. पण एका पक्षाचा पोलिंग एजंट ताडकन उठला, "सर, बोट पुसा! हा मानूस शाई धुऊन पुन्हा येते!" मी म्हटलं, "बसा खाली." तो म्हणाला, "नियम आहे!" मी म्हटलं, "नियम मले नका शिकवू, बसा म्हटलं न." त्याने तक्रार केली, आणि त्याची तक्रार बरोबर होती.

नियम खरंच आहे. मतदाराच्या बोटावर तेलकट, चिकट काही असेल तर ते पुसून घ्यावे, मग शाई लावावी. केंद्राध्यक्षाच्या पुस्तकात छापलेलं आहे. पुसण्यासाठी चिंधीसुद्धा सरकार देतं, साहित्याच्या पिशवीत, मेणबत्तीच्या शेजारी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मास्तर म्हणजे बाराखडी शिकवणारा. अरे बाबा, आम्ही माणसं मोजली, गुरं मोजली, कुणाच्या घरी संडास आहे ते डोकावून आलो, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे निवडणुका घेतल्या. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. माझ्या तर डझनावारी झाल्या. उमरखेडला एक म्हातारा यंत्रापुढे पाव तास उभा राहिला. काय झालं विचारलं, तर म्हणे माझा माणूस यात दिसून नाही राह्यला. त्याचा माणूस वारून दोन निवडणुका झाल्या होत्या. एका गावी नवरी मेंदीचे हात घेऊन आली आणि शाई लावली की नाही तेच दिसेना. एजंट लोकांत जी जुंपली, की नवरी रडायला लागली आणि तिची सासू म्हणाली, "लावा न मग नाकावर!"

असे किस्से मी मित्रमंडळीत खूप सांगतो. जे सांगत नाही ते आज सांगतो, कारण या दिवाळीत मला दुसरं काही सुचूनच नाही राह्यलं. बायको म्हणते, लिहून टाका एकदाचं, घरात येरझारा घालणं तरी बंद होईल.

शाईचं आधी सांगतो. तिच्यात चांदीचा क्षार असतो. लावताना जांभळी दिसते, उन्हात गेली की काळी पडते. साबण लावा, राख लावा, रॉकेल लावा, दगडावर घासा, ती जात नाही. कातडी झडून नवी येईल तेव्हाच जाते, नखावरची तर नख वाढेस्तोवर राहते. फक्त मधे तेलाचा थर असला तर शाई कातडीला धरत नाही, वरच्या वर राहते आणि घासली की निघते. म्हणून पुसायचं.

आमच्या घरी त्या शाईची मोठी मिजास होती. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. माझा बाप मतदानाच्या दिवशी पहाटे अंघोळ करायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि परत आला की आठ दिवस डाव्या हातानेच लोकांना रामराम नाही, जयभीम घालायचा, बोट दिसावं म्हणून. मत म्हणजे आपल्या घरात पहिल्यांदा आलेली मालकीची वस्तू, असं तो म्हणे. त्याचा मी मुलगा. एका माणसाचं एकच मत, त्यात मी कधी कुणाचं ऐकलं नाही. सहकारी मला 'नियमवाले गुरुजी' म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

यवतमाळात जागा नव्हत्या म्हणून माझी पहिली नऊ वर्षं पूर्वेकडच्या जंगलातल्या जिल्ह्यात गेली. तिकडे तेव्हा लढाई चालली होती. आपल्याकडच्या पेपरात तिला चकमक म्हणत आणि ती आतल्या पानावर चार ओळींत येई. पण ज्या गावाच्या वाटेवर सुरुंग पुरलेले असतात आणि ज्या गावच्या पाटलाला एका पहाटे घरातून नेतात, त्या गावाला ती लढाईच असते. बंदुका घेऊन जंगलात राहणाऱ्यांना लोक 'आतले' म्हणत. पोलीस म्हणजे 'बाहेरचे'. आतल्यांनी विचारलं तरी उत्तर द्यायचं, बाहेरच्यांनी विचारलं तरी द्यायचं, आणि दोन्ही उत्तरं जुळता कामा नयेत.

अशात विधानसभा लागली. सरकारला निवडणूक घ्यायचीच होती, आतल्यांना ती होऊ द्यायची नव्हती. शाळेच्या भिंतींवर कागद चिकटले. मराठीत, लाल अक्षरात, शुद्धलेखनाच्या दोन चुका असलेले: वोट दयाल तर बोट जाइल. मी मास्तर माणूस, मला आधी चुका दिसल्या. मग अर्थ कळला.

माझं केंद्र पार आत होतं. पोलीस ठाण्यापर्यंत हेलिकॉप्टरने, तिथून पुढे तीन तास पायी, यंत्र पाठीवर, मागेपुढे जवान. माझ्या हाताखाली शाई लावायला ग्रामसेवक तुमडाम होते. त्याच भागातले, गोंडी बोलणारे, कमी बोलणारे. बाकी दोघं माझ्यासारखेच बाहेरून आलेले, घामाघूम. बंदोबस्ताचा फौजदार तरुण होता, दर दहा मिनिटांनी घड्याळ पाही. मतदान सात ते तीन. "सर, तीन म्हणजे तीन," तो म्हणाला, "तीन वाजून पाच मिनिटांनी मी इथं कोणाला ठेवणार नाही."

सात वाजता आम्ही यंत्र लावून बसलो. कोणी येईना. समोर मोहाच्या झाडाखाली गावातली माणसं उभी होती आणि आमच्याकडे पाहत होती. आठ झाले, नऊ झाले. मला बसवेना. उठून दारात जायचो, फौजदार हातानेच म्हणायचा, आत व्हा. आत यायचो, यादी पुन्हा तपासायचो. ती तर पाठ झाली होती.

साडेनऊला एक बाई आली. तिच्या मागे दुसरी. मग थांबून थांबून, एकेक करत, दहा वाजेपर्यंत अकरा जण येऊन गेले. तुमडाम खाली मान घालून शाई लावत होते. अकरा! मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वाटलं, आपल्या केंद्रावर होतंय बरं का, साहेबांना सांगायला तोंड राहील.

बारावी बुधरीबाई. चाळिशीची, उंच, कपाळावर गोंदण. तिने चिठ्ठीऐवजी प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. तहसीलचा शिक्का होता. मागल्या यादीत तिच्या नावापुढे 'मयत' लागलं होतं. ते काढून घ्यायला ती तीनदा तहसीलला जाऊन आली होती. जायला एक दिवस, यायला एक दिवस.

"मी जिती आहो जी," ती म्हणाली. "लिवून आनलो. पाहून घ्या."

"दिसतेच आहे न बाई," मी हसून म्हटलं. "यादीत आहे तुमचं नाव. कागद नको."

"वोट नाई देल्लं तं पुन्हा मारतीन मले. मेलेलीले रासन नाई, काईच नाई."

असं काही होत नाही, मत दिलं नाही म्हणून कुणाचं नाव जात नाही, हे मी तिला सांगायला हवं होतं. तेवढं एक वाक्य! मी सांगितलं नाही, कारण मला बारावं मत हवं होतं.

तिने नोंदवहीवर डावा अंगठा उठवला. ठसा फिसकटला आणि कागदावर डाग पसरला. तेलाचा. मी मागचं पान उलटलं. तिथेही डाग. त्याच्या आधीच्या ठशालाही. वास घेतला, टोरीच्या तेलाचा होता. मोहाच्या बियांना तिकडे टोरी म्हणतात, तिचं तेल घरोघरी असतं.

माझं डोकंच फिरलं. "तुमडामभाऊ, हे काय आहे? सगळ्यांच्या बोटाले तेल, आणि तुम्ही तशीच शाई लावून राह्यले?"

तुमडाम म्हणाले, "लोकं लावतात सर तेल, हातपाय उकलतात."

"ऑक्टोबरात उकलतात?"

त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं, आणि मी एवढा शहाणा माणूस, मला काही म्हणजे काही कळलं नाही. मला दिसली ती बोगस मतदानाची युक्ती. शाई धुवायची आणि दुसऱ्याच्या नावावर पुन्हा यायचं, हे मी भाताच्या पट्ट्यातल्या केंद्रावर डोळ्यांनी पाहिलं होतं, पकडलं होतं, शाबासकी मिळवली होती. मी पिशवीतली चिंधी काढली आणि तुमडामांना बाजूला सारून स्वतः बसलो.

"हात द्या बाई."

तिने हात मागे घेतला. जास्त नाही, इतकुसाच. "राहू द्या न, गुर्जी."

"नियम आहे."

"राहू द्या न जी," ती पुन्हा म्हणाली. तुमडामांकडे तिने पाहिलं. तुमडाम खिडकीबाहेर पाहत होते.

"पुसल्याशिवाय शाई नाही, शाईशिवाय मत नाही," मी म्हटलं. अगदी शांतपणे. माझा आवाज चढला असता तर आज मला थोडं बरं वाटलं असतं.

ती क्षणभर उभी राहिली. मग हात पुढे केला. मी ते बोट पुसलं. वरून, खालून, नखाच्या कडेने, दोनदा. मग शाई लावली, नखाच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत, ठळक, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. वाळेस्तोवर तिचा हात धरून ठेवला. ती आत गेली. यंत्र वाजलं. बाहेर आली तेव्हा बोट मुठीत होतं, ती मूठ पदरात होती.

दार उघडं होतं. मोहाच्या झाडाखालच्यांनी सारं पाहिलं होतं. त्यानंतर तीन वाजेपर्यंत एक माणूस आला नाही. दुपारी मी पाणी प्यायला उठलो तेव्हा हातपंपाशी बुधरीबाई दिसली. वाळूने बोट घासत होती. लहान पोराला अंघोळ घालावी तशी जीव लावून घासत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तेव्हा आलं! हातातला गिलास मी तसाच खाली ठेवला.

परतीच्या वाटेवर तुमडाम माझ्या मागून चालत होते. नाला ओलांडल्यावर मी थांबलो.

"तेल तुम्हीच सांगितलं होतं न त्याहीले?"

"हो सर."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही नियमवाले," ते म्हणाले. "सांगतलं असतं तर तुम्ही वरती कळवलं असतं."

मी कळवलं असतं का? तेव्हा म्हणालो, छे, काहीतरीच! पण आज वीस वेळा मनाशी घोळवूनही मला ठामपणे 'नाही' म्हणता येत नाही.

पुढून फौजदार ओरडला, "चला, चला!" आम्ही चालू लागलो. अकरा जणांची शाई संध्याकाळपर्यंत निघाली असणार. अख्ख्या गावात एकच बोट काळं राहणार होतं आणि ते मी केलं होतं. वर अहवालात माझ्या केंद्रापुढे लिहून आलं, 'मतदान शांततेत'.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला माहीत. शाळेत फळ्यावर लिहिताना माझंच बोट डोळ्यांपुढे यायचं. महिन्याभराने पंचायत समितीच्या मीटिंगला तुमडाम भेटले. चहा घेताना मी हळूच विचारलं, "ती बाई बरी आहे न?" ते म्हणाले, "जिती आहे. हाताले लागलं थोडं." थोडं म्हणजे काय, कशाने, कोणी, हे मी विचारलं नाही. मी म्हटलं, "चला, मीटिंग सुरू झाली." अरे, काय माणूस आहे मी! सहा महिन्यांनी आंतरजिल्हा बदलीची ऑर्डर आली. नऊ वर्षं ज्या कागदाची वाट पाहिली तो कागद हातात घेऊन मी चोरासारखा तिथून निघालो. त्या गावच्या बाजारालासुद्धा कधी फिरकलो नाही.

तेव्हापासून मी बोटं पुसली नाहीत. उमरखेडला नाही, महागावला नाही. आता कोणी म्हणेल, इथे कशाची भीती होती, इथे तर पुसायलाच हवं होतं. बरोबर आहे. इकडे नसलेल्या भीतीसाठी मी नियम मोडत राहिलो आणि जिथे मोडायचा होता तिथे पाळला. माझ्या केंद्रांवर डिंक लावून कोणी दोनदा मत दिलं असेल तर तेही माझ्याच माथी. हे वाचून साहेबांना पुन्हा नोटीस काढायची असेल तर खुशाल काढा, आता मी रिटायर आहे.

गेल्या विधानसभेच्या आधीची गोष्ट. कापसाच्या वेचणीचे दिवस. त्या सुमारास राळेगावकडे पूर्वेकडून बायांच्या टोळ्या येतात, महिना दीड महिना राहतात, वेचून जातात. मी सकाळी सायकलवर फिरायला जातो. त्या दिवशी एका शेताच्या धुऱ्यापाशी, बांधाला लागूनच, सायकलची चेन उतरली. चेन काही बसेना, तेव्हा मी त्या सायकलला, तिच्या कारखान्याला आणि मला ती विकणाऱ्या दुकानदाराला यथेच्छ बोलत होतो. माझा आवाज म्हणजे चाळीस पोरांच्या वर्गातला.

"नियमवाले गुर्जी!"

मी वळलो. तासातून, कापसाच्या दोन ओळींमधून, एक उंच बाई सरळ माझ्याकडे येत होती. केस पिकलेले, पाठीला कापसाचं ओझं, कपाळावर तेच गोंदण. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहायच्या आधी हाताकडे पाहिलं. डावं पहिलं बोट निम्म्यावर संपलं होतं. त्याच हाताने ती बोंडातून कापूस ओढत आली होती, अंगठा आणि मधलं बोट लावून, बाकीच्या बायांपेक्षा जरा हळू.

"वरखलं न जी?" ती म्हणाली. ओळखलं का, असं.

"हो," मी म्हटलं. "बुधरीबाई." मी पुन्हा तिच्या हाताकडे पाहिलं. "हे... त्याहीनं केलं?"

"नाई जी. त्याहीनं तिसऱ्या दिवशी मीटिंग बलावली, सगळ्याइचे हात पायले. मी सकाळीच धान कापाले गेलतो. इळ्यानं." तिने उजवा हात हवेत एकदाच हलवला. "म्हनलो, धान कापता लागलं. त्याइलेबी ठाव होतं. पन बोटच नाई तं कोनाले इचारतीन?"

मी धुऱ्यावर बसलो. हात चेनच्या वंगणाने काळे झालेले, तेच कपाळाला लागले असणार. "माझं चुकलं बाई," मी म्हटलं. "तुम्ही दोनदा म्हटलं होतं, राहू द्या. मी ऐकलं नाही. नंतर मला कळलं, तरी मी आलो नाही. विचारलंसुद्धा नाही." आणि मी रडलो. धुऱ्यावर, दिवसाढवळ्या, बाया पाहत असताना, साठी उलटलेला माणूस.

ती उभीच होती. तिने मला थांबा म्हटलं नाही, जाऊ द्या म्हटलं नाही, माफ केलं असंही म्हटलं नाही. माझं होऊ दिलं. मग ओझं खाली ठेवून विचारलं, "चुकलं तं चुकलं. मले येक सांगा. माजं नाव रायलं न यादीत?"

यादी मोबाईलवर दिसते आता. मी शर्टाला हात पुसले, गावाचं नाव विचारून घेतलं, शोधलं. होतं. तिला दाखवलं. तिला वाचता येत नाही, तरी पडद्याकडे नीट पाहिलं.

"परवा जातो मी गावाले," ती म्हणाली. "मुकादम नाई म्हनते, वेचनी रायली म्हनते. मी म्हनलो, वोट हाय, जातो."

"बुधरीबाई," मी म्हटलं, जे वाक्य मी इतकी वर्षं गिळून बसलो होतो, "मत नाही दिलं तरी नाव कापत नाहीत. कधीच कापत नव्हते. नाही गेलं तरी चालते."

ती म्हणाली, "ठाव आहे जी. तुमडाम सायबानं सांगतलं मागून." आणि तिने डावा हात माझ्यापुढे धरला, अगदी त्या दिवशी टेबलावर धरला होता तसा. "पन आता शाई कोनत्या बोटाले लावतीन? का परत धाडतीन मले?"

नियम मला पाठ होता. तो माझ्या तोंडून आपोआप आला. "परत नाही पाठवत. डावी तर्जनी नसेल तर डाव्या हाताचं दुसरं बोट. तेही नसेल तर पुढचं. डाव्या हाताला एकही नसेल तर उजव्या हाताचं."

तिने दोन्ही हात उघडले आणि अंगठ्यापासून एकेक बोट मिटत मोजलं. निम्म्या बोटापाशी आली तेव्हा ते ओलांडून पुढे गेली.

"म्हंजे नऊ बाऱ्या जमते अजून," ती म्हणाली, ओझं पाठीवर घेतलं आणि आपल्या तासाला परत गेली.